पहिल्या रविवारचा साक्षी

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची पहिली उपासना कशी झाली हे ऐकायचं असेल, तर दिगंबर उजागरे यांच्याकडे जावं, असं तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. अर्थात इंग्रजीत सांगतं, पण सांगतं.

दिगंबरराव मूळचे अहमदनगरचे. वय सत्तावन्न, उंची बेताची, घेर सढळ आणि आवाज असा की मंडळीनं माइक विकत घेतला तेव्हा यांना तो लागू नये असं सर्वानुमते ठरलं. ख्रिस्ती घरात दिगंबर हे नाव कसं आलं असं कुणी विचारलं, की ते म्हणत, "धर्म आजोबांनी बदलला. बारशाचं खातं आजीकडेच राहिलं." शिक्षण मेकॅनिकल इंजिनियरिंगचं. नोकरी शिकागोतल्या उंच इमारती हिवाळ्यात गरम ठेवणाऱ्या एका कंपनीत. रोज सकाळी ट्रेननं शहरात जायचं, संध्याकाळी परत यायचं आणि बर्फ पडलेला असेल तर शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर उभं राहून त्याला फावडं कसं धरावं ते समजावून सांगायचं, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम होता. शेजारी तीन बदलले. सल्ला तोच राहिला.

पण मंडळीत त्यांची खरी किंमत होती ती त्या गोष्टीमुळे.

गोष्ट अशी. दोन हजार नऊ सालचा जानेवारी. रविवार, दुपारचे चार. सरलामावशींच्या घराच्या बेसमेंटमध्ये एकवीस माणसं जमलेली. बाहेर दीड फूट बर्फ. अशात घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडतो. मावशी प्रार्थना सुरू करतात तर शब्दाआधी वाफ बाहेर येते. "सगळे गुडघ्यावर होते," दिगंबरराव इथं आवाज खाली आणत, "आणि मीही होतो. ते प्रार्थनेसाठी, मी फर्नेससाठी." मग ते कोपऱ्यात पालथे पडतात, बॅटरी तोंडात धरतात, एक झडप सोडवतात, दुसरी आवळतात. वर मावशींची प्रार्थना चालूच. आणि मावशी ज्या क्षणी "आमेन" म्हणतात त्या क्षणी फर्नेस भक्कन पेटतो. खोलीभर ऊब पसरते. कुणीतरी रडतं. मग गीत सुरू होतं.

दर जानेवारीत मंडळीच्या वाढदिवसाला ही गोष्ट व्हायची. नव्यानं आलेले ग्रॅज्युएट स्टुडंट ती फोनवर रेकॉर्ड करून आयांना पाठवायचे. पाळक प्रसाद लोंढे यांनी त्या ज्वालेवर तीन प्रवचनं केली होती आणि चौथ्याची टिपणं काढून ठेवली होती.

या गोष्टीत एकच खोट होती. दिगंबरराव त्या दिवशी तिथं नव्हते.

ते घरी झोपले होते. जेवण जड झालेलं, बाहेर थंडी, आणि "मावशी घरीच उपासना सुरू करतायत" हा बेत दोन आठवड्यांत बारगळेल अशी त्यांची खात्री. म्हणून त्यांनी बायकोला, शोभाला, सांगितलं की गाडी स्टार्ट होत नाहीये. मेकॅनिकल इंजिनियर घरात असताना गाडी स्टार्ट होत नाही, यावर शोभानं काही भाष्य केलं नाही. मावशी स्वतः व्हॅन घेऊन आल्या आणि तिला घेऊन गेल्या. साडेसहाला ती परतली तेव्हा दिगंबररावांनी विचारलं, "काय झालं?"

"थंडी होती. प्रार्थना झाली. चहा झाला," शोभा म्हणाली.

शोभाबाईंच्या तोंडून निघालेलं ते पहिल्या उपासनेचं संपूर्ण वर्णन. एवढ्यावर माणसानं काय करायचं? पुढच्या रविवारपासून दिगंबरराव जाऊ लागले, एकही रविवार चुकवेनासे झाले, आणि कुणी नवं कुटुंब आलं की त्याला पहिल्या दिवसाचं सांगायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं, कारण बाकीच्यांना सांगता येत नव्हतं. सुरुवातीला ते "शोभा सांगत होती" असं म्हणून मग गोष्ट सांगत. हे तीन शब्द दुसऱ्या वर्षी गळाले. थंडी होती त्या अर्थी फर्नेस बंद असणार, हे त्यांच्यातल्या इंजिनियरनं तिसऱ्या वर्षी काढलेलं अनुमान. फर्नेस बंद होता त्या अर्थी कुणीतरी तो सुरू केला असणार, हे चौथ्या वर्षी. आणि खोलीत फर्नेस कळणारा दुसरा कोण होता? पाचव्या वर्षी दिगंबरराव पालथे पडले ते पडलेच.

आता मंडळीच्या बारा पंचांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

कारभारासाठी पंच नेमायचे ठरलं तेव्हा सरलामावशी म्हणाल्या, बारा. कुणी म्हणालं, पाच पुरेत. मावशी म्हणाल्या, "प्रभूनं बारा नेमले. तुला पाचात भागतंय म्हणजे तू त्याच्यापेक्षा हुशार." विषय संपला. जागा रिकामी झाली तर काय, याचंही उत्तर मावशींनी शास्त्रातूनच, म्हणजे बायबलातूनच, काढलं. प्रभूला दगा देणाऱ्या यहूदाची जागा रिकामी पडली तेव्हा शिष्यांतला पेत्र उभा राहिला आणि म्हणाला, की आता असा माणूस हवा जो पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्याबरोबर हिंडला, ज्यानं सगळं स्वतः पाहिलं. शिकलेला हवा, बोलका हवा, घराणं बरं हवं, असली एकही अट पेत्रानं घातली नाही. अट एकच, की तो तिथं हवा होता. असे दोघे निघाले, योसेफ बर्सबा आणि मत्थिया. चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली, बारा पुरे झाले.

तेव्हा नेपरव्हिलमध्येही तसंच ठरलं. नवा पंच पहिल्या रविवारी हजर असलेल्यांपैकीच हवा. दोन नावं, स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघेल त्यानं शास्त्रावर हात ठेवून म्हणायचं, "मी पहिल्या रविवारी तिथं होतो आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

हा नियम करताना मावशींनी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा विचार केला नव्हता. नोकरीसाठी कुणी दुसऱ्या राज्यात बॉथेलला गेलं, कुणी फ्रिस्कोला, दोघे देवाघरी. जो बदली घेऊन जाई त्याला निरोपाच्या जेवणात सगळे यहूदा म्हणत, आणि तो बिचारा रस्सा वाढून घेत हसत असे. जागा भरता भरता पहिल्या रविवारची माणसं संपत आली. मुळात ती किती आणि कोणकोण होती याची यादी कुणी केली नव्हती. एकवीस हा आकडासुद्धा मावशींकडच्या कपांचा.

आधी तीन वेळा जागा रिकामी झाली, तिन्ही वेळा दिगंबररावांचं नाव पुढं आलं आणि तिन्ही वेळा त्यांनी हात जोडले. "माझं कसलं घेऊन बसलात. मी साधा माणूस." मंडळी म्हणे, केवढी ही नम्रता. दिगंबररावांना नम्रतेशी देणंघेणं नव्हतं. त्यांना त्या शपथेची भीती होती. चहाबरोबर गोष्ट सांगणं वेगळं, शास्त्रावर हात ठेवणं वेगळं.

आणि मनातून ती खुर्ची तर हवीच होती. त्यांचे वडील नगरच्या एका चर्चमध्ये अडतीस वर्षं घंटा वाजवायचे. पंचांची सभा असली की सतरंजी तेच अंथरायचे, पाण्याचे तांबे तेच भरून ठेवायचे आणि मग बाहेर पायरीवर बसायचे. आतून कुणी हाक मारली तर पाणी न्यायला. अडतीस वर्षांत आत बसा असं त्यांना कुणी म्हटलं नाही आणि त्यांनीही कधी कुरकूर केली नाही. कुरकूर करायचं काम त्यांच्या मुलानं मनातल्या मनात घेतलं होतं आणि नेपरव्हिलपर्यंत आणलं होतं.

यंदाच्या ऑक्टोबरात सिद्धेश साळवेनं फ्रिस्कोची बदली घेतली आणि बारातला एक कमी झाला. शिल्लक उमेदवार दोन: राजीव भालेराव आणि दिगंबरराव.

राजीव पहिल्या रविवारच्या वेळी पीएचडीचा विद्यार्थी होता, आता एका लॅबमध्ये संशोधक आहे. अबोल. आजवर दोनदा त्याचं नाव डब्यात गेलं आणि दोन्ही वेळा दुसऱ्याची चिठ्ठी निघाली, म्हणून पोरं त्याला मागून बर्सबा म्हणत. पुढूनही म्हणत. तो हसत असे.

"दादा, या वेळी सुट्टी नाही," पाळक प्रसाद फोनवर म्हणाले. हे पाळकसाहेब चौतीस वर्षांचे, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमध्ये, रविवारी मंडळीत. "तुम्ही नाही म्हणालात तर एकच नाव राहतं. मग चिठ्ठी कसली?"

दिगंबरराव म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बरं म्हणालो.

शोभा ओट्याशी दुसऱ्या दिवशीचे डबे भरत होती. ती मंडळीच्या पहिल्या बारांतली. सोळा वर्षं पंचांच्या सभेला बसते, हात वर करायचा तेव्हा करते, बोलायचं तेव्हा बोलत नाही.

"मी या वेळी नाव दिलंय," दिगंबरराव म्हणाले.

"ऐकलं."

"शपथ आहे."

"दर वेळी असते."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणायचं? मला कुणी विचारलं तर जे झालं ते सांगेन. नाही विचारलं तर आजपर्यंत बसले तशी गप्प बसेन. बुधवारच्या डब्याला वांगं चालेल ना?"

त्यांची मुलगी केया टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. ती तेवीस वर्षांची, लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला, आणि पुराव्यात नुकताच रस निर्माण झालेला. तिनं मान वर केली. "वेट. डॅड, यू वेअरंट देअर?"

शोभानं डब्याचं झाकण लावलं.

"ओ माय गॉड. डॅड, माझा कॉलेज ॲडमिशनचा एसे. आय गॉट इन ऑन दॅट फर्नेस."

"छान लिहिला होतास," दिगंबरराव म्हणाले.

"आई, यू न्यू? तू वाचला होतास तो."

"स्पेलिंग बघायला दिला होतास," शोभा म्हणाली. "स्पेलिंग बरोबर होतं."

शनिवारी सकाळी दिगंबरराव सरलामावशींकडे गेले. मनात हिशेब सरळ होता. मंडळी मावशींची, नियम मावशींचा, बेसमेंट मावशींचं. त्यांच्यापाशी कबूल करावं, त्या दोन शिव्या देतील, मग काय ते त्याच ठरवतील. मावशी शहाऐंशीच्या. घरात दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बसलेल्या, कारण अंगावर लोकर असताना हीटर वाढवणं हे त्यांच्या मते आळशीपणाचं लक्षण.

"सलाम मावशी."

"सलाम रे दिगू. बस. बूट काढलेस ना?"

दिगंबररावांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. गाडीचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, फर्नेसचं सांगितलं. मावशी शांतपणे ऐकत होत्या. सगळं संपल्यावर म्हणाल्या, "तू नव्हतास, तर मग फर्नेस कुणी चालू केला?"

"मावशी, फर्नेस बंदच पडला नव्हता."

"मला सांगतोस? घर माझं. तू तिथं कोपऱ्यात पालथा पडला होतास. तोंडात बॅटरी. मी आमेन म्हटलं आणि भक्कन आवाज झाला. मी दचकले, म्हटलं हा मेला की काय."

"ते मी रचलंय, मावशी."

"निळा स्वेटर होता तुझा. डाव्या बाहीला कोपरावर भोक. मी मनात म्हटलं, शोभाला सांगायला हवं रफू कर म्हणून."

निळा स्वेटर दिगंबररावांच्या गोष्टीत कधीच नव्हता. पण तसा स्वेटर त्यांच्याकडे खरोखर होता, आणि त्याला डाव्या कोपरावरच भोक होतं. दोन-तीन सेकंद त्यांना वाटून गेलं की कदाचित आपण गेलोच असू.

"तुम्ही शोभाला न्यायला आलात ना," ते चिकाटीनं म्हणाले. "मी खिडकीतून हात केला होता."

"तो कुठला तरी वेगळा दिवस असेल. हे बघ दिगू, शपथेच्या आधी माणसाला असं होतं. पेत्रानं तर प्रभूला ओळखतोस का असं विचारल्यावर तीनदा नाही म्हटलं. तू एकदाच म्हणतोयस. जा आता, आणि जाताना तो कचऱ्याचा डबा बाहेर ठेव."

त्यांनी डबा बाहेर ठेवला.

रविवारी मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये जमली. सकाळी तिथं अमेरिकन लोकांची उपासना होते, चार वाजता मराठी. साठेक माणसं होती. पाळक प्रसाद यांनी मत्थियाचा उतारा वाचला आणि प्रेषित म्हणून कुणाला ओळखायचं यावर थोडं बोलले: पाठवलेला तो प्रेषित, पण पाठवण्याआधी त्यानं काही पाहिलेलं असावं लागतं, नाहीतर तो सांगणार काय. इथं त्यांनी प्रेमानं दिगंबररावांकडे पाहिलं. दिगंबररावांनी जमिनीकडे पाहिलं. डबा टेबलावर आला, मावशी खुर्चीतून हळूहळू उठल्या, आणि त्याच वेळी दिगंबररावही उठले.

"चिठ्ठीआधी एक सांगायचंय," ते म्हणाले. "पहिल्या रविवारी मी तिथं नव्हतो. घरी झोपलो होतो. फर्नेसची गोष्ट खोटी आहे. माझं नाव काढा."

मागून एक काका म्हणाले, "वा." आणि दोघातिघांनी माना डोलावल्या. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला.

"मंडळी, हे पाहा," ते म्हणाले. "खरा साक्षी स्वतःला नेहमीच अपात्र समजतो..."

"पाळकसाहेब, अपात्र वगैरे राहू द्या. मी गैरहजर होतो."

"दादा, तुमची नम्रता आम्हाला माहीत आहे."

"अहो, कसली नम्रता? मी घोरत होतो."

आता लोक हसले. दिगंबरराव इतकी वर्षं लोकांना हसवत आले होते, तेव्हा त्यांनी आणखी एकदा हसवलं यात कुणाला काही गैर वाटलं नाही. सोळा वर्षांत मारलेली थाप दर वेळी एका क्षणात खपली होती, आणि हे एक खरं वाक्य कुणी घ्यायला तयार नव्हतं.

"राजीव," पाळक म्हणाले, "तू तर होतास. दादा होते की नव्हते?"

राजीव उठला. बराच वेळ विचार केला. शास्त्रज्ञ माणूस.

"होते असं वाटतं," तो म्हणाला. "म्हणजे फर्नेस पेटलेला मला आठवतो. पण आठवताना तो दादांच्या आवाजात आठवतो. माझं स्वतःचं म्हणाल तर मोजे ओले होते, एवढं नक्की. आणि मावशींनी थर्मोस्टॅट जेमतेम बासष्ट फॅरनहाइटवर ठेवला होता. मी हळूच जाऊन बघितला होता."

"अजून बासष्टवरच आहे," मावशी म्हणाल्या. "आणि दिगू होता. निळा स्वेटर."

पुन्हा हसू. डब्याचं झाकण उघडायला मावशींचा हात पुढं झाला. दिगंबररावांनी शेवटच्या ओळीतल्या बायकोकडे पाहिलं.

"शोभा," ते म्हणाले, "मी तुला विचारतोय. सगळ्यांसमोर."

शोभा उठली. पर्स खुर्चीवर ठेवली.

"हे झोपले होते," ती म्हणाली. "गाडी चालू होत नाही म्हणाले. मी परत आले तर गाडीवरचा बर्फ हाललेला नव्हता आणि यांच्या गालावर उशीची घडी उमटली होती. फर्नेस नीट चालला होता. कुणी रडलं नाही. आता बॉथेलला गेलेली तनुजा होती, ती शिंकली."

ती खाली बसली. सोळा वर्षांत ती मंडळीसमोर एका दमात इतकं कधी बोलली नव्हती, आणि त्यामुळेच त्यातल्या एका शब्दावरही कुणाला शंका घेता आली नाही.

मग हॉलमध्ये शांतता पसरली. त्यात तीन प्रवचनं होती, एक कॉलेज एसे होता, महाराष्ट्रभर पसरलेल्या आयांच्या फोनमधली रेकॉर्डिंगं होती. पाळक प्रसाद यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोर दृश्य तेच राहिलं. पहिल्या ओळीतल्या एका काकू शेजारणीला म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." त्यांना अजिबात वाटलेलं नव्हतं.

पाळक माणूस चांगला. त्यांना दिगंबररावांना तसं उभं बघवेना. "दादा," ते सावकाश म्हणाले, "पौलही पहिल्यापासून नव्हता. तो त्या बारांत नव्हता, गालीलात नव्हता, उलट विरोधातच होता. तरी पुढं पेत्रानं आणि इतरांनी त्याला उजवा हात दिला, प्रेषित म्हणून ओळखलं. दुसऱ्या रविवारपासून तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मंडळीची इच्छा असेल तर आपण ही अट..."

चारदोन माना हलल्या. मावशींनीसुद्धा कानटोपी सारखी केली, म्हणजे त्या विचार करत होत्या. दार किलकिलं झालं होतं. आत खुर्ची दिसत होती, पाण्याचे तांबे दिसत होते, आणि यात खोटं काही बोलावं लागणार नव्हतं. दिगंबररावांनी ओठ ओले केले.

"पौलानं मी तिथं होतो असं कधी म्हटलं नाही, पाळकसाहेब," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं म्हणत आलो. तुम्ही राजीवचं बघा."

आणि ते बसले.

एकाच नावाची चिठ्ठी काढायची की नाही यावर पाच मिनिटं चर्चा झाली. काढायची असं ठरलं, कारण मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांना पुन्हा बसवणं सोपं नव्हतं. दिगंबररावांची चिठ्ठी काढून घेतली. मावशींनी उरलेली एक चिठ्ठी डब्यात घालून झाकण लावलं, नियमाप्रमाणे तीनदा हलवलं, डोळे मिटून हात घातला आणि वाचलं, "राजीव." लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजीव खरोखरच आश्चर्यचकित झाल्यासारखा दिसत होता. दोनदा हरलेल्या माणसाला एका चिठ्ठीतही खात्री वाटत नाही.

त्यानं शास्त्रावर हात ठेवला.

"तू पहिल्या रविवारी तिथं होतास?" पाळकांनी विचारलं.

"होतो."

"जे झालं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहिलं," राजीव म्हणाला. मग प्रामाणिकपणे भर घातली, "फारसं काही झालं नव्हतं."

उपासनेनंतर चहा होता. दिगंबररावांच्या भोवती एरवी घोळका असायचा, आज जागा होती. ते टेबलाच्या टोकाशी कप घेऊन उभे राहिले. कुणी रागावलं नव्हतं, पण काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं, आणि विषय काढून द्यायचं काम आजपर्यंत त्यांचंच होतं. राजीव आला, "थँक्स दादा," म्हणाला आणि शेजारी उभा राहिला. दोघांनी एकेक बिस्कीट खाल्लं.

शेवटी स्वानंदी आली. ही पुण्याहून आलेली, मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षाची.

"काका, माझ्याकडे तुमचं रेकॉर्डिंग आहे. आईनं अख्ख्या कॉलनीला ऐकवलंय. ते डिलीट करू का?"

"तुझं तू बघ. ठेवलंस तर खाली लिही, हे झालेलं नाही."

"म्हणजे काहीच नाही?"

"थंडी होती. प्रार्थना झाली. चहा झाला. बाकी माझं."

स्वानंदीनं फोन खिशात ठेवला. जरा घुटमळली. "मग तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काका? कधीपासूनचं?"

हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. "दुसऱ्या रविवारचं," ते म्हणाले. सवयीनं त्यांचा आवाज चढला, हॉलमधल्या काही माना वळल्या, आणि मग आवाज आपोआप खाली आला. "दुसऱ्या रविवारी आम्ही नऊ जण होतो. बाकीचे आलेच नाहीत. मावशींनी खुर्च्या एकवीस मांडल्या होत्या. मधल्या रिकाम्या होत्या, त्यामुळे सगळे लांब लांब बसले होते आणि कुणाला जवळ सरका म्हणायचं धाडस होईना. गीत मी सुरू केलं. फार वरच्या सुरात धरलं. दुसऱ्या ओळीला सगळे थांबले. मग मावशी एकट्याच खालच्या सुरात म्हणत राहिल्या, अख्खं गीत, पाचही कडवी. आम्ही ऐकत होतो."

"मग?"

दिगंबररावांनी आठवून पाहिलं. इथं एक ज्वाला सहज बसली असती.

"मग काही नाही. दूध संपलं होतं, म्हणून कोरा चहा घेतला. एक खुर्ची मोडकी होती ती मी बाजूला ठेवली. घरी आलो. रस्त्यात शोभाला म्हटलं, पुढच्या रविवारी जाऊ या."

ऐकायला पाच-सहा जण जमले होते. कुणी टाळी दिली नाही, कुणी हसलं नाही. एकानं विचारलं, पाचही कडवी का? दिगंबरराव म्हणाले, माहीत नाही, मावशींना विचारा. मावशी शेजारीच खुर्चीत बसून बिस्कीट चहात बुडवत होत्या.

"हे कधीचं सांगतोयस, दिगू?" त्या म्हणाल्या.

"दुसऱ्या रविवारचं, मावशी."

"दुसऱ्या रविवारी तू होतास?" मावशींनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. "मला नाही बाई आठवत."

सगळ्यांनी दिगंबररावांकडे पाहिलं. आज आपण होतो असं आपणच म्हणून चालणार नाही, एवढं त्यांना समजत होतं.

"होते," सिंकपाशी कप विसळणारी शोभा मागं न बघता म्हणाली. "माझ्या शेजारी बसले होते. आणि सूर खरंच फार वर धरला होता."